शनिवारची एसटी, रविवारची मॅट

गेली चार वर्षं आमच्या घरातले शनिवार-रविवार आमचे राहिलेले नाहीत. "या रविवारी घरी आहात का?" असा पाहुण्यांचा फोन आला की आम्ही आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघतो. निळी फुली असेल तर क्लबात जादा सराव, लाल फुली असेल तर बाहेरगावी स्पर्धा. मागच्या वर्षी एका जवळच्या नातलगाकडचा निकाह नेमका लाल फुलीवर आला. मग आमच्यातला एक जण निकाहला गेला आणि दुसरी मुलांना घेऊन इचलकरंजीला. निकाहच्या मांडवात जी चर्चा व्हायची ती झालीच.

आम्ही मिरजेचे. अब्बा शाळेत शिकवतात, अम्मी घरी शिवणकाम करते. मुलगी आता नववीत, मुलगा सहावीत, दोघंही ज्युदो खेळतात. घरात दादीमा आहेत. या लेखात 'आम्ही' म्हणजे अम्मी-अब्बा दोघं. जिथं आमचं एकमेकांशी पटलं नाही, तिथं कोण काय म्हणालं ते वेगळं सांगू.

ज्युदो आमच्या घरात आला तो काही फार विचार करून नव्हे. मुलगी पाचवीत असताना शाळेत मुलींसाठी स्वसंरक्षणाचं आठ दिवसांचं शिबिर झालं. शिबिर संपलं, पण मुलगी थांबायला तयार नव्हती. शिबिर घेणाऱ्या सरांचा क्लब एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी चालायचा. तिला सोडायला-आणायला जाताना धाकटाही सोबत असायचा. महिनाभर दारात बसून बघितल्यावर तोही आत गेला.

पहिले तीन महिने सरांनी मुलांना फक्त पडायला शिकवलं. मागं पडायचं, कुशीवर पडायचं, पुढं कोलांटी घेऊन पडायचं. पडताना हनुवटी छातीला आणि हाताचा पंजा जोरात मॅटवर आपटायचा, म्हणजे दणका हातावर जातो आणि डोकं वाचतं. याला जपानी नाव आहे 'उकेमी'. आम्हाला वाटायचं, फी भरून मुलं नुसती पडतायत. दादीमांना मात्र ते पटलं होतं. त्यांचे वडील तालमीतले पैलवान. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात त्यांनी कुस्ती केल्याचं त्या अजून अभिमानानं सांगतात. दादीमा म्हणाल्या, "पहले गिरना आना, बाद में गिराना. हमारे अब्बा भी येईच बोलते थे."

कुस्तीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ज्युदो समजायला फार वेळ लागत नाही. पाठ टेकली की चीतपट, तसं इथं समोरच्याला जोरात, वेगात आणि ताबा ठेवून पाठीवर आपटलं की 'इप्पोन', म्हणजे लढत तिथंच संपली. थोडं कमी पडलं तर 'वाझाआरी', आणि दोन वाझाआरी मिळाल्या की इप्पोन. आपल्या धोबीपछाडीचा भाऊ म्हणावा असा 'सेओइ नागे' नावाचा डाव आहे. फरक मोठा आहे तो कपड्यांत. मल्ल लंगोटावर, ज्युदोवाला जाड सुती झग्यात, आणि सगळा खेळ त्या झग्याची बाही-कॉलर पकडण्याचा. आणखी एक फरक म्हणजे इथं हातानं पाय धरून पट काढता येत नाही, दंड होतो. तालमीतून ज्युदोत आलेली मुलं पहिल्या स्पर्धेत हमखास पट काढायला जातात आणि पंचांनी हात वर केला की सरांकडं बघत राहतात.

हा खेळ जिगोरो कानो नावाच्या जपानी शिक्षकानं 1882 मध्ये तोक्योत सुरू केला. पहिला आखाडा एका देवळाच्या जागेत, बारा चटयांचा. जुन्या झुंजीच्या विद्येतून जीवघेणे प्रकार त्यानं बाजूला काढले आणि जोडीदाराला इजा न करता पूर्ण जोरानं खेळता येईल असे डाव ठेवले. 1964 च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा ज्युदो आला. बायकांना पदकासाठी 1992 पर्यंत थांबावं लागलं. हे आम्हाला मुलीनंच सांगितलं. कमरेच्या पट्ट्याची परीक्षा असते, त्यात असले प्रश्न विचारतात.

आता रविवारची गोष्ट. कोल्हापूर, कराड, इचलकरंजी, सातारा, कधी सोलापूर. फजर झाली की निघायचं. स्टँडवर क्लबाची दहा-बारा मुलं, दोन-तीन आया, एखादे वडील आणि सर. प्रत्येक मुलाच्या डब्याचे दोन भाग: वजनाआधीचा आणि वजनानंतरचा. वजनाआधीचा बहुधा रिकामाच असतो. नंतरच्यात केळी, खजूर, अंड्याची पोळी आणि कुणीतरी आणलेलं भडंग. वजन झाल्याबरोबर मुलं असं खातात की बघणाऱ्याला वाटावं, आम्ही घरी उपाशी ठेवतो.

हॉलमध्ये पोचल्यावर सर मुलांना आधी मॅटभोवती फिरवतात. मॅट म्हणजे एक मीटर रुंद, दोन मीटर लांब असे तुकडे एकमेकांना लावून केलेलं मैदान. तुकड्यांमध्ये फट असली की पायाचं बोट अडकतं. मुलं ओणवी होऊन फटी शोधतात, सर संयोजकांकडून चिकटपट्टी मागून आणतात. मग वाट बघणं. पत्रिकेवर उद्घाटन नऊचं असतं, पाहुणे अकराला येतात, त्यांचं भाषण बाराला संपतं. तोवर पोरं गार फरशीवर झग्यात बसून असतात. अंग गरम करून ठेवलेलं, ते पुन्हा थंड होतं. भाषणात खेळाडूंच्या उज्ज्वल भवितव्याबद्दल बरंच बोललं जातं. खेळाडूंना सकाळपासून बाथरूमची किल्ली मिळालेली नसते, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आणि एवढं थांबून लढत किती वेळाची? नियमानं तीन-चार मिनिटांची. पण आमच्या मुलीची पहिली लढत बारा सेकंदांत संपली. समोरच्या मुलीनं कॉलर धरली, एक पाऊल टाकलं, आमच्या मुलीचा पाय मागून झाडला. संपलं. पहाटे चारला उठून, पन्नास किलोमीटर एसटीनं येऊन, पाच तास बसून बारा सेकंद. ती उठली, झगा नीट केला, वाकून बाहेर आली. आम्ही काय बोलावं याचा विचार करत होतो, तर तीच म्हणाली, "अम्मी, मी नीट पडले ना?"

नीट पडली होती. हात वेळेवर आपटला होता, हनुवटी आत होती. तसं आम्ही तिला सांगितलं.

धाकट्याचं तसं नव्हतं. तो हरला की रडायचा, तेही मोठ्यानं. सरांनी त्याला कधी गप्प बस म्हटलं नाही. त्यांचा नियम एवढाच की हरलेल्यानं बाहेर आल्यावर पुढच्या खेळाडूचं पाणी आणि टॉवेल धरायचा. रडायला बंदी नाही, पण टॉवेल खाली पडता कामा नये. आमचा मुलगा नाक पुसत, दुसऱ्याचा टॉवेल छातीशी धरून कितीतरी रविवार उभा राहिलाय. ज्युदोत आणखी एक चांगली पद्धत आहे. मोठ्या स्पर्धांत, ज्यानं तुम्हाला हरवलं तो पुढं गेला तर तुम्हाला परत बोलावतात आणि कांस्यपदकासाठी खेळायला मिळतं. कांस्य दोघांना असतं. धाकट्याचं पहिलं पदक असंच परत बोलावून मिळालेलं. ते सहा महिने दप्तरात असायचं.

सगळंच गोड नाही. एका गावात आमच्या क्लबातल्या एका मुलाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. पडताना त्यानं हात पुढं टाकला, जे करायचं नाही तेच. स्पर्धेला रुग्णवाहिका नव्हती. ज्या मुलाच्या डावात तो पडला, त्या मुलाचे वडील आपल्या मोटारसायकलवरून त्याला दवाखान्यात घेऊन गेले. मागं सर, मधे मुलगा. संयोजकांनी नंतर विचारपूससुद्धा केली नाही. तेव्हापासून आमचे सर प्रवेश अर्ज भरण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारतात: डॉक्टर आहे का, आणि मुलींचं वजन घ्यायला बाई आहे का.

या दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं सांगायला हवं.

वजन म्हणजे अंगावरचे जाड कपडे काढून काट्यावर उभं राहणं. मुलींसाठी वेगळी खोली आणि बाई हवी, हे सगळ्यांना मान्य आहे. पण एका ठिकाणी आम्ही पोचलो तर खोली होती, बाई नव्हती. "बाई येतायत, तोवर आम्ही काटा लांबून बघतो," असं एक गृहस्थ म्हणाले. आमच्याबरोबर आलेल्या एका मुलीच्या आईनं, ती मराठा कुटुंबातली, बाजारात भाजी विकते, तिनं सरळ त्यांच्या हातातली वही घेतली आणि म्हणाली, "मला आकडे वाचता येतात." त्या दिवशी सगळ्या जिल्ह्यांच्या मुलींचं वजन तिनंच घेतलं. आता बाई नसली की लोक आमच्या क्लबाच्या आयांना शोधत येतात.

वजनावरून घराघरांत फार चुकीच्या गोष्टी चालतात. 44 किलोच्या गटात बसावं म्हणून मुलांना दोन दिवस पाणी तोडायचं, स्वेटर घालून पळवायचं. आमचे सर याला तयार नाहीत. वाढत्या वयाचं मूल आहे, वजन वाढलं तर वरच्या गटात खेळेल, हरेल, असं ते म्हणतात. आमची मुलगी 44 वरून 48 मध्ये गेली तेव्हा तीन स्पर्धा सलग पहिल्याच फेरीत हरली.

एका वर्षी एक स्पर्धा रमजानमध्ये आली. तेव्हा मुलगी रोजे धरायला लागली होती. सरांनी आम्हाला विचारलं, आम्ही तिला विचारलं. ती म्हणाली, रोजा सोडणार नाही आणि कोरड्या घशानं कुणाला आपटणारही नाही, मी येते पण खेळत नाही. त्या दिवशी ती वेळ मोजणाऱ्यांच्या टेबलावर बसली. संध्याकाळी परतीच्या एसटीत इफ्तारची वेळ झाली तेव्हा क्लबाच्या साऱ्या मुलांनी खजुराची पिशवी फिरवली. सकाळपासून वडापाव खात आलेली मुलंही मगरिबची वेळ होईपर्यंत हात आवरून बसली होती. कंडक्टरलाही एक खजूर मिळाला.

प्रवासातल्या नमाजचं विचाराल, तर ते जमतं. हॉलच्या मागं जादा मॅट ठेवायची खोली असते, तिथं एक मॅट सरळ करायची. दिशा फोनवर बघायची, दाराशी कुणीतरी उभं राहायचं. अब्बा सोबत असले की हिशोब घालतात: कोल्हापूर कसरच्या अंतरात बसत नाही, तिथं पूर्ण पढायची. पुण्याला बालेवाडीला गेलो की दोन रकात. मुलाला पुण्याच्या स्पर्धा जास्त आवडतात, त्याचं कारण तो उघड सांगत नाही.

वाकण्याचा प्रश्न मात्र सहज सुटला नाही. ज्युदोत मॅटवर जाताना, लढतीच्या आधी आणि नंतर एकमेकांना वाकून अभिवादन करतात. क्लबात सरावाच्या सुरुवातीला आणि शेवटी गुडघ्यावर बसून, हात पुढं टेकून वाकायची पद्धत होती. एक दिवस दादीमा सोबत आल्या आणि दारातूनच ते बघितलं. घरी येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ये पोट्टी सजदा किसकू करतीय?" मुलीनं समजावलं की कपाळ जमिनीला लागत नाही, समोर कुणाची तसबीर नाही, हा फक्त जोडीदाराला सलाम आहे. दादीमांचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर आमचंही पूर्ण झालं नव्हतं.

मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना विचारलं. त्यांचं म्हणणं पडलं की ज्याचा आकार इबादतीसारखा दिसतो ते टाळावं, उभ्यानं मान लववून भेटल्यासारखं करायला हरकत दिसत नाही. दुसऱ्या एका मौलानांनी तेवढंही नको असं सांगितलं. आम्ही सरांकडं गेलो, मनात धाकधूक होती. वीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला त्याच्या खेळातली रीत बदला असं कसं म्हणायचं? सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, स्पर्धेत उभ्यानंच वाकतात, तेवढं केलं तर पंच अडवत नाहीत. क्लबात ज्याला बसून करायचं त्यानं करावं, ज्याला नाही त्यानं उभं राहून मान लववावी. जोडीदाराची इज्जत ठेवली म्हणजे झालं. दुसऱ्या दिवसापासून आमची दोघं आणि आणखी एक मुलगा उभी राहतात. दोन्ही मौलाना आपापल्या जागी बरोबर असतील. आम्ही पहिल्यांचं ऐकलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या मुलीबरोबर क्लबात तेव्हा पाच मुली होत्या, त्यातल्या तीन आपल्या समाजातल्या. आज त्या तिघींतली आमचीच उरली आहे. लोक लगेच म्हणतात, मजहब आड येतो. आम्ही त्या दोन्ही घरांत बसून चहा प्यायलोय. एका घरी कारण होतं संध्याकाळी साडेसातनंतर आणायला जाणारं कुणी नाही: वडील आखातात, भाऊ लहान. दुसऱ्या घरी कारण होतं पैसा. दीड-दोन हजारांचा झगा, वर्षाला आठ-दहा स्पर्धा, प्रत्येकीची प्रवेश फी आणि तिकीट. दोन्ही घरांनी बाहेर सांगताना मात्र परद्याचं कारण सांगितलं, कारण ते सांगणं सोपं आणि मानाचं असतं. "आणायला कुणी नाही" म्हणायला लाज वाटते, "आमच्यात चालत नाही" म्हणायला वाटत नाही. आमचं स्पष्ट मत झालंय की मुली थांबतात त्या बहुतेक वेळा सोय नसल्यामुळं. मुलींना वेगळी वेळ, शिकवायला एखादी मोठी मुलगी किंवा बाई, जाताना-येताना आयांची सोबत आणि वजनाला बाई, एवढं झालं की निम्मे आक्षेप आपोआप गळून पडतात.

उदाहरण देतो. 2023 च्या मार्चमध्ये एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी आमच्या क्लबाबरोबर एखादीच आई यायची. आता तीन-तीन येतात. आया येतात म्हणून आणखी मुली येतात. सरकारनं हे काही ज्युदोसाठी केलं नव्हतं. आमच्या क्लबात मात्र मुलींसाठी पाच ते सहाची वेगळी वेळ सुरू झाली ती त्याच वर्षी, कारण दहा मुली झाल्या. शिकवायला मदत करते ती क्लबातलीच कॉलेजात जाणारी मुलगी. आखातात वडील असलेल्या त्या मुलीलाही आम्ही परत विचारलं. ती आता बारावीच्या क्लासला जाते. ती म्हणाली, आता नको.

शाळेत क्रीडागुणांचंही एक आकर्षण असतं. राज्यपातळीपर्यंत पोचलं की दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. हे सांगितलं की विरोध करणारे मामा-चाचा थोडा वेळ गप्प बसतात. आम्हीही हा उपाय वापरतो.

पण सोय करून न सुटणारा एक प्रश्न आमच्याच घरात आला.

आठवीत गेल्यावर मुलीनं आपणहून स्कार्फ घ्यायला सुरुवात केली. आम्ही सांगितलं नव्हतं, अडवलंही नाही. झगा अंगभर असतो, आत मुली पांढरा टी-शर्ट घालतात, पायघोळ पँट असते. त्यामुळं बाकी काही अडत नव्हतं, फक्त डोकं. अम्मीनं ताणल्या जाणाऱ्या कापडाची डोक्याला घट्ट बसणारी टोपी शिवली. गाठ नाही, पिन नाही, गळ्याभोवती काही नाही. जिल्ह्याच्या दोन स्पर्धांत मुख्य पंचांनी हात लावून बघितली आणि खेळू दिलं. तिसरी स्पर्धा शेजारच्या जिल्ह्यातली, मोठी. तिथं पोशाख तपासताना तिला थांबवलं.

ती पंचांना म्हणाली, "सर, नियम दाखवाल का?" त्यांनी रागावता फोनवर काढून दाखवता आलं असतं, पण ते रागावले नाहीत, हे नमूद करायला हवं. त्यांनी दाखवलेल्या नियमात वैद्यकीय पट्टीखेरीज डोक्यावर काही चालत नाही असं होतं. कारणही त्यांनी सांगितलं: ज्युदोत मोठ्या गटांत गळा आवळण्याचे डाव आहेत, कापड सरकलं, श्वास अडकला तर जबाबदार कोण? तिनं दोनदा वाचलं. मग आमच्याकडं बघितलं.

इथं आम्हा दोघांचं पटलं नाही. अब्बांचं म्हणणं, तीन मिनिटांसाठी काढ, अल्लाह नियत जाणतो, वर्षभराची मेहनत आहे. अम्मीचं म्हणणं, तिनं स्वतः घातलाय, आपण काढ म्हणणारे कोण? सर काहीच म्हणाले नाहीत. नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं. मुलगी म्हणाली, "आज नाही खेळत." समोरच्या मुलीला न खेळता विजय मिळाला. ती मुलगी नंतर येऊन आमच्या मुलीशेजारी बसली, दोघी बराच वेळ पकडीबद्दल काहीतरी बोलत होत्या.

घरी आल्यावर तिनं शोधून काढलं की हाच वाद 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये झाला होता. सौदी अरेबियाची वोजदान शहरखानी, वय सोळा, वडील स्वतः ज्युदोचे पंच. आधी सुरक्षेच्या कारणावरून तिला डोकं झाकायला नकार होता. मग वाटाघाटी झाल्या आणि पोहण्याच्या टोपीसारख्या आवरणाला परवानगी मिळाली. ती 82 सेकंदांत हरली. ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या पहिल्या दोन सौदी महिलांतली ती एक. फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं 2014 मध्ये आणि बास्केटबॉलच्या संघटनेनं 2017 मध्ये डोकं झाकायला परवानगी दिली, हेही तिनं वहीत लिहून ठेवलं. त्याच वहीच्या आतल्या पानावर कोसोवोच्या मायलिंडा केलमेंडीचं चित्र चिकटवलेलं आहे. कोसोवो मुस्लिम बहुसंख्य, छोटासा देश. पेया नावाच्या गावातल्या क्लबात ती शिकली आणि 2016 मध्ये रिओला 52 किलो गटात देशाचं पहिलं ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण, घेऊन आली. तोक्योत त्याच गावच्या क्लबातल्या आणखी दोघींनी सुवर्ण जिंकलं. केलमेंडी उघड्या डोक्यानं खेळायची, वोजदान झाकून खेळली. आमच्या मुलीच्या वहीत दोघी शेजारी शेजारी आहेत, आणि अम्मी-अब्बांच्या वादात तिला ओढलेलं आवडत नाही.

मग तिनं एक अर्ज लिहिला. मराठीत, एक पान. टोपीचं वर्णन, कापड कोणतं, शिवण कुठं, गळ्याला काही नाही. विनंती एवढीच की बाई पंचांकडून तपासून स्थानिक स्पर्धांत परवानगी मिळावी आणि वर विचारणा व्हावी. खाली क्लबातल्या सगळ्या मुलांनी सह्या केल्या. पालकांच्याही घेतल्या. भाजी विकणाऱ्या त्या आईची सही सर्वांत वर, सर्वांत मोठी. लेखी उत्तर अजून आलेलं नाही. तोंडी असं कळलं की जिल्ह्यातल्या स्पर्धांत तपासून खेळू देतील, वरच्या पातळीचं वरचे ठरवतील.

म्हणून सध्या ती जिल्ह्यात खेळते. 48 किलोत आता दुसऱ्या फेरीपर्यंत जाते, एकदा तिसरी आली. शालेय स्पर्धांत पुढच्या पातळीवर निवड झाली तर काय, हे आमच्या घरात ठरलेलं नाही. अब्बा अजून त्यांच्या मतावर आहेत, अम्मी तिच्या. मुलगी म्हणते, आधी निवड तर होऊ दे.

येत्या रविवारी लाल फुली आहे. अम्मीनं तिसरी टोपी शिवली आहे. पहिल्या दोनींची शिवण मागं होती, पाठीवर पडलं की घासायची. हिची शिवण बाजूला घेतली आहे. काल रात्री जेवणं झाल्यावर सतरंजीवर चाचणी झाली. धाकट्यानं आपाला खाली घेऊन मान आणि हात कवटाळून धरलं. ज्युदोत असं वीस सेकंद धरून ठेवलं की इप्पोन मिळतो. टोपी सरकते का ते आम्ही बघत होतो. सेकंद मोजायचं काम दादीमांकडं होतं. दादीमा अकरापर्यंत व्यवस्थित आल्या, मग पानाच्या डब्यात काहीतरी शोधू लागल्या, मग बारा म्हणाल्या. तोवर आपा सुटून धाकट्याच्या छातीवर बसली होती. "दादीमा चिटिंग करतात," असं तो खालून ओरडत होता. टोपी जागच्या जागी होती.